खुर्चीचे मोल कसे ठरते?

महाराष्ट्रात सरकारी कार्यालयातल्या लिपिक-टंकलेखकाचे मूळ वेतन १९,९०० रुपयांपासून सुरू होते, पोलीस शिपायाचे २१,७०० पासून, तलाठ्याचे २५,५०० पासून आणि फौजदाराचे ३८,६०० पासून. स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या प्रत्येक मुलाला हे आकडे पाठ असतात. पण ते कसे आले, असे विचारले तर बहुतेकांकडे एकच उत्तर असते : ‘वेतन आयोगाने ठरवले.’ आयोगाने ठरवले हे खरे, पण कशावरून? चोवीस तास बांधिलकी असलेल्या शिपायापेक्षा दप्तर सांभाळणाऱ्या तलाठ्याचे मोल जास्त, हे कोणत्या मापाने मोजले?

हा प्रश्न फक्त सरकारी नोकरांचा नाही. हा पगार आपल्या सर्वांच्या करातून जातो. कोणत्या कामाला आपला समाज किती किंमत देतो, याची लेखी कबुली या आकड्यांत असते. म्हणून हे गणित प्रत्येक नागरिकाला वाचता यायला हवे. या प्रकरणात ते पायरीपायरीने समजून घेऊ.

१. आधी पद, मग माणूस

सरकारी पगाराचा पहिला नियम असा, की किंमत पदाची ठरते आणि ती माणूस येण्याच्या आधी ठरते. एखाद्या कार्यालयात किती आणि कोणती पदे असावीत याचा आराखडा मंजूर होतो; त्याला आकृतिबंध म्हणतात. त्या पदावर कोण येऊ शकतो हे सेवाप्रवेश नियम सांगतात. त्याने काय करायचे हे कर्तव्यसूचीत असते आणि त्याबद्दल काय मिळायचे हे वेतनस्तरात. हुशार आणि सामान्य, दोन्ही उमेदवार त्या पदावर पहिल्या दिवशी सारख्याच वेतनाने रुजू होतात.

ही कल्पना इंग्रजांनी आणलेली नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्यसेवकांच्या वेतनाची मोठी यादी आहे. पुरोहित, सेनापती, युवराज यांना ४८,००० ‘पण’ (तेव्हाचे नाणे). कर गोळा करणारा समाहर्ता आणि कोठार सांभाळणारा सन्निधाता यांना २४,०००. आणि अगदी तळाच्या सेवकाला ६० पण. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांचे जे आकडे इतिहासग्रंथांत येतात, त्यांत मुख्य प्रधानाला वर्षाला १५,००० होन, अमात्याला १२,००० होन आणि इतर प्रधानांना १०,००० होन असा क्रम दिसतो. व्यक्ती बदलली तरी पदाचा क्रम बदलू नये, हा विचार दोन्हीकडे आहे. राज्यकारभार व्यक्तीच्या मर्जीवरून पदाच्या शिस्तीवर यायचा असेल, तर ही पहिली पायरी चढावीच लागते.

२. तळ कुठे असावा?

क्रम लावायचा तर सर्वांत खालचा आकडा आधी ठरवावा लागतो. १९४७ साली न्यायमूर्ती वरदाचारियार यांच्या पहिल्या केंद्रीय वेतन आयोगाने तो महागाई भत्त्यासह ५५ रुपये धरला. सातव्या आयोगाने, न्यायमूर्ती अशोक कुमार माथूर यांच्या अध्यक्षतेखाली, नोव्हेंबर २०१५ च्या अहवालात तो १८,००० रुपये सुचवला.

हा १८,००० चा आकडा बाजारातल्या मजुरीवरून काढलेला नाही. त्याचा आधार १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत मान्य झालेले सूत्र आहे. ते आहारतज्ज्ञ वॉलेस अ‍ॅक्रॉइड यांच्या मापावर उभे आहे. कमावत्या माणसाचे कुटुंब तीन ‘खाणाऱ्यांचे’ धरायचे : तो स्वतः १, जोडीदार ०.८, दोन मुले प्रत्येकी ०.६. बेरीज बरोबर ३. प्रत्येक एककाला दिवसाला २,७०० कॅलरी मिळतील इतके धान्य, डाळ, भाजी, दूध, तेल, साखर यांची महिन्याची किंमत काढायची. त्यात कपडे, इंधन, वीज, पाणी, घर, सण-समारंभ, शिक्षण, औषधपाणी यांची भर घालायची.

या सूत्राचा मोठेपणा असा, की ते पोटापासून सुरू होते. कोणत्याही सरकारी नोकराच्या घरी चूल पेटलीच पाहिजे, हे त्याने गृहीत धरले आहे. पण त्याची मर्यादाही लक्षात ठेवली पाहिजे. तीन एककांच्या या हिशेबात म्हाताऱ्या आई-वडिलांना जागा नाही. आपल्याकडे पुष्कळ घरांत काय चित्र असते, ते वाचकाला वेगळे सांगायला नको. शिवाय राज्याचा तळ केंद्रापेक्षा खाली आहे. केंद्राने सहाव्या आयोगानंतर ‘गट ड’ बंद करून त्या कर्मचाऱ्यांना ‘गट क’मध्ये घेतले. महाराष्ट्रात ‘गट ड’ कायम आहे आणि कार्यालयीन शिपायाचा एस-१ हा सर्वांत खालचा वेतनस्तर १५,००० पासून सुरू होतो.

३. वर चढताना काय मोजतात?

तळ ठरला. आता त्याच्या वर कोणाला किती उंचीवर बसवायचे? इथे पदांची एकमेकांशी तुलना करावी लागते. त्यासाठी जगभर साधारण सारखेच निकष वापरतात : पदाला लागणारे शिक्षण आणि कौशल्य, स्वतःच्या बुद्धीने घ्यावे लागणारे निर्णय, हाताखालची माणसे, चुकीचा परिणाम आणि कामातला धोका.

यातला ‘चुकीचा परिणाम’ हा निकष सर्वांत कमी समजलेला असतो. चारशे पानांची पंगत डोळ्यांपुढे आणा. वाढप्याच्या हातून भात सांडला तर एका पानाचे नुकसान होते. आचाऱ्याचे मीठ चुकले तर सगळी पंगत खोळंबते. दोघेही घाम गाळतात, कदाचित वाढपी जास्तच धावतो. तरी आचाऱ्याची बिदागी मोठी असते, कारण त्याची चूक दूरवर जाते आणि ती निस्तरायला पुढे कोणी नसते.

आता महसूल खात्याकडे पाहू. सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद तलाठी धरतो. त्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. ती नोंद तपासून प्रमाणित करण्याचा अधिकार मंडळ अधिकाऱ्याचा. तिच्याविरुद्धचे अपील त्याहून वरच्या अधिकाऱ्याकडे जाते. कागद तोच, जमीन तीच. पण प्रत्येक पायरीवर ‘शेवटचा शब्द कोणाचा’ याचे वजन वाढते आणि वेतनस्तर त्या वजनाबरोबर चढतो. कार्यालयातला लिपिक बहुतांशी वरिष्ठाच्या नजरेखाली काम करतो, तर तलाठी सजात एकटा असतो. अतिवृष्टीनंतर पंचनामा करताना कोणाचे पीक किती गेले, हे त्याला बांधावर उभे राहून लिहावे लागते. दोन्ही पदांचे काम असे शेजारी ठेवून पाहिले की १९,९०० आणि २५,५०० यांतला फरक समजू लागतो.

मग पोलीस शिपायाचा धोका कुठे गेला? भारतात धोका आणि खडतरपणा बराचसा भत्त्यांतून मोजतात, मूळ वेतनातून कमी. सातव्या आयोगाने धोका आणि खडतरपणा यांचा एक वेगळा तक्ताच बनवला आणि सियाचीनला त्याच्या माथ्यावर ठेवले. यामागचा विचार असा : नेमणूक बदलली की धोका बदलतो, पद बदलत नाही. विचार तर्काला धरून आहे. पण ज्या पदाला धोका जन्मभर चिकटलेला असतो, त्याच्या बाबतीत तो अपुरा पडतो, असे मला ठामपणे वाटते.

४. गुण देऊन मोजण्याची पद्धत

आपले आयोग मुख्यतः निवेदने, साक्षी आणि तुलना यांवरून निष्कर्ष काढतात. काही देशांत यासाठी थेट गुण देतात. अमेरिकेच्या केंद्र सरकारात कार्यालयीन आणि तांत्रिक पदांसाठी ‘जनरल शेड्यूल’ नावाची रचना आहे. तिच्यात आज १५ श्रेणी आणि प्रत्येक श्रेणीत १० पायऱ्या आहेत. यातल्या पुष्कळ पदांचे मोल नऊ घटकांवर काढतात : लागणारे ज्ञान, वरिष्ठांची देखरेख किती सैल, मार्गदर्शक नियम किती स्पष्ट, कामाची गुंतागुंत, कामाचा आवाका आणि परिणाम, कोणाशी संपर्क, संपर्काचा हेतू, शारीरिक श्रम आणि कामाची जागा.

एका पदाचा हिशेब करून पाहू. ज्ञानाला ९५० गुण, देखरेखीला २७५, मार्गदर्शक नियमांना २७५, गुंतागुंतीला १५०, परिणामाला १५०, संपर्क आणि त्याचा हेतू मिळून ७५, श्रमाला ५, जागेला ५. बेरीज १,८८५. तक्ता सांगतो की १,८५५ ते २,१०० गुणांचे पद नवव्या श्रेणीत बसते. झाले, श्रेणी ठरली. ज्याला ती मान्य नाही, त्याला ‘माझ्या कामाची गुंतागुंत कमी धरली आहे’ असे नेमके बोट ठेवून दाद मागता येते.

या पद्धतीचा हाच मोठा गुण आहे, की वाद नेमका होतो. पण एक गोष्ट नीट पाहा. ज्ञानाला जास्तीत जास्त १,८५० गुण आहेत, तर शारीरिक श्रमाला फक्त ५०. सर्व घटकांची कमाल बेरीज ४,४८०. म्हणजे ज्ञानाचा वाटा सुमारे ४१ टक्के आणि श्रमाचा जेमतेम १ टक्का. अंगमेहनतीच्या कामगारांसाठी तिथे निराळी वेतनव्यवस्था आहे, म्हणून हा वाटा इतका कमी. तरीही धडा महत्त्वाचा आहे. बेरीज कितीही अचूक असली, तरी कोणत्या घटकाला किती गुण ठेवायचे हे माणसेच ठरवतात. हे प्रमाण बदलले तर त्याच पदांचा क्रम बदलेल.

५. वेतनाचा तक्ता वाचायचा कसा?

न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या सहाव्या आयोगाने २००८ च्या अहवालात चार मोठे वेतनपट्टे आणि त्यांच्यावर ‘ग्रेड पे’ अशी रचना दिली. पदाचा दर्जा ग्रेड पे वरून ओळखला जाई. सातव्या आयोगाने वेतनपट्टे आणि ग्रेड पे एकत्र करून एकच तक्ता केला. त्यातला प्रत्येक उभा रकाना म्हणजे एक वेतनस्तर, म्हणजेच पदाचा दर्जा. रकान्यात खाली उतरत गेलेल्या ओळी म्हणजे त्या पदावर घालवलेली वर्षे. दरवर्षीची वेतनवाढ साधारण ३ टक्के, म्हणजे एक ओळ खाली. महाराष्ट्राने के. पी. बक्षी यांच्या समितीच्या अहवालानंतर, २०१९ च्या सुधारित वेतन नियमांनी हीच रचना स्वीकारली आणि स्तरांना एस-१, एस-२ अशी नावे दिली.

आता तीन छोटी गणिते करू.

पहिले, वेतननिश्चितीचे. सहाव्या आयोगानुसार नव्या लिपिकाचे मूळ वेतन ग्रेड पे धरून ७,७३० रुपये होते. त्याला सातव्या आयोगाच्या २.५७ या गुणकाने गुणले की १९,८६६ येतात. तक्त्यात त्याच्या लगत वरचा आकडा १९,९००. सुरुवातीला पाहिलेला लिपिकाचा आकडा असा आला.

दुसरे, वरच्या पदाचे. केंद्रात ‘गट अ’मध्ये नव्याने येणाऱ्या अधिकाऱ्याचे आधीचे वेतन २१,००० होते. त्याला मात्र २.६७ ने गुणले : ५६,०७०, म्हणून ५६,१००. सचिवांचे ८०,००० होते, त्यांना २.८१ ने गुणून २,२५,००० झाले. वरच्या पायरीवर जबाबदारी आणि उत्तरदायित्व वाढते, म्हणून गुणक वाढवला, असे आयोगाचे म्हणणे होते. पदांचे मूल्यमापन कुठे लपलेले असते, ते इथे दिसते. २.५७ आणि २.८१ यांतला फरक किरकोळ वाटतो. पण सचिवांना २.५७ लावला असता तर आकडा २,०५,६०० आला असता. म्हणजे महिन्याला १९,४०० रुपयांचा फरक. तळाच्या कर्मचाऱ्याच्या पूर्ण मूळ वेतनाहून हा फरक मोठा आहे.

तिसरे, बढतीचे. एस-६ मधल्या लिपिकाचे वेतन वाढत वाढत २६,००० झाले आणि तो एस-८ मध्ये वरिष्ठ लिपिक झाला. आधी त्याला जुन्याच रकान्यात एक वेतनवाढ मिळते : २६,८००. मग एस-८ च्या रकान्यात पाहायचे. तिथले आकडे २५,५००, २६,३००, २७,१०० असे जातात. २६,८०० च्या लगत वरचा आकडा २७,१००. हे त्याचे नवे वेतन. बढतीनंतर हातात पडणारी वाढ इतकी लहान का, असे पुष्कळांना वाटते. उत्तर असे, की खरा लाभ पुढच्या वर्षांत मिळतो, कारण नव्या रकान्याची कमाल मर्यादा ८१,१०० आहे आणि जुन्याची ६३,२००.

बढतीची जागाच रिकामी होत नसेल तर? त्यासाठी १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर वरचा वेतनस्तर देणारी आश्वासित प्रगती योजना आहे. पद तेच राहते, रकाना बदलतो. ‘किंमत पदाची’ या पहिल्या नियमाला हा अपवाद आहे आणि तो माणुसकीचा आहे.

६. तळ आणि शिखर यांत अंतर किती?

कौटिल्याच्या यादीत ४८,००० आणि ६० यांचे गुणोत्तर ८०० येते. १९४७ साली स्वतंत्र भारताच्या उंबरठ्यावर ५५ आणि २,००० असे आकडे होते; म्हणजे सुमारे ३६ पट. १९८६ पासून लागू झालेल्या चौथ्या आयोगाच्या वेतनात ७५० आणि ८,००० होते, म्हणजे ११ पटींहून थोडे कमी. सातव्या आयोगात १८,००० आणि २,२५,०००, म्हणजे साडेबारा पट. मंत्रिमंडळ सचिवाचे २,५०,००० यात धरलेले नाहीत.

३६ वरून ११ वर येणे ही प्रजासत्ताकाची मोठी कमाई आहे, आणि तिचा अभिमान बाळगावा असे मला वाटते. अंतर फार कमी केले तर अवघड जबाबदारी उचलायला लायक माणसे पुढे येत नाहीत, हा युक्तिवादही खरा आहे. म्हणूनच प्रत्येक आयोगाला या दोन टोकांमध्ये जागा शोधावी लागते. गुणोत्तर किती असावे हे कोणतेही शास्त्र सांगत नाही. आपल्याला कसा समाज हवा, यावर ते ठरते.

७. न्यायालय कुठे येते?

दोन पदे सारखी असूनही पगार वेगळे असतील तर? राज्यघटनेच्या कलम ३९ (घ) मध्ये समान कामाला समान वेतन हे राज्याचे ध्येय सांगितले आहे. दिल्ली पोलीस दलातल्या वाहनचालक शिपायाने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. गाडी तीच, रस्ता तोच, मग रेल्वे सुरक्षा दलातल्या चालकापेक्षा मला कमी का? १९८२ च्या रणधीर सिंग खटल्यात न्यायालयाने त्याचे म्हणणे मान्य केले.

पण १९८८ च्या जे. पी. चौरसिया खटल्यात न्यायालयाने मर्यादाही आखली. कागदावर सारखी दिसणारी दोन पदे जबाबदारीच्या दर्जात वेगळी असू शकतात. ती तोलणे हे मुख्यतः वेतन आयोगासारख्या तज्ज्ञांचे काम आहे. पुढे २०१६ च्या जगजित सिंग खटल्यात न्यायालयाने सांगितले की नियमित कर्मचाऱ्याचेच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याला त्या पदाच्या वेतनश्रेणीचे किमान वेतन मिळाले पाहिजे.

तिन्ही निकाल एकत्र वाचले की चित्र स्पष्ट होते. मोजायचे तज्ज्ञांनी, पण मोजणी मनमानी असेल तर न्यायालय विचारणार. म्हणून मोजणीमागची कारणे लेखी आणि उघड असली पाहिजेत. प्रत्येक आयोगानंतर वेतनत्रुटी दूर करण्यासाठी समित्या बसतात, त्या याच कारणाने. ‘आमचा स्तर चुकला’ असे म्हणणाऱ्या संवर्गाला तिथे कर्तव्यसूची पुढे ठेवून आपली बाजू मांडता येते.

८. ज्यांची मोजणीच झाली नाही

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आतापर्यंत पाहिलेले सगळे नियम तक्त्याच्या आत असलेल्यांसाठी आहेत. अंगणवाडी सेविका, आशा स्वयंसेविका, पोलीस पाटील या तक्त्यात नाहीत. त्यांना वेतन मिळत नाही, मानधन मिळते. त्यांच्यासाठी ना स्तर, ना ठरलेल्या वेतनवाढीचा रकाना, ना पदाच्या मूल्यमापनाचा अहवाल.

तिसऱ्या भागातले निकष अंगणवाडी सेविकेच्या कामाला लावून पाहा. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत ती सहा वर्षांखालच्या मुलांचे वजन घेते, पूरक आहार पोचवते, गरोदर स्त्रियांची नोंद ठेवते, मुलांना शाळेसाठी तयार करते. कौशल्य लागते का? लागते. वस्तीत ती एकटी निर्णय घेते का? घेते. आणि तिची चूक किती दूर जाते? घटत चाललेले वजन तिच्या नजरेतून सुटले तर एका मुलाच्या आयुष्यावर त्याचा परिणाम राहतो. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचे सांगितले. एक दार उघडले. मोजणीचे दार अजून बंद आहे.

मुंबई उच्च न्यायालयात न्यायदान केलेल्या आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा केंद्रीय वेतन आयोग नेमला गेला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची कार्यकक्षा मंजूर झाली आणि अहवालासाठी १८ महिन्यांची मुदत ठरली. गुणक किती मिळणार, याची चर्चा आता घराघरात चालेल. ती स्वाभाविक आहे. पण गुणकाने आधीच ठरलेला क्रम फक्त मोठा होतो. क्रम बरोबर आहे का, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

तो विचारण्यासाठी तज्ज्ञ असावे लागत नाही. कोणत्याही पदाची कर्तव्यसूची आणि वेतनस्तर शेजारी ठेवा आणि चार गोष्टी विचारा : याला काय यावे लागते, तो स्वतः काय ठरवतो, त्याची चूक कोणाला भोवते आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात कोण बसले आहे? उत्तरे जुळली तर तो आकडा न्याय्य आहे. नाही जुळली तर कारण मागण्याचा अधिकार आपला आहे. आणि ज्या कामाला रकानाच नाही, त्याच्यासाठी तर हे चार प्रश्न सर्वांत आधी विचारले पाहिजेत.